खोकल्याची तालीम

मला खोकता फार छान येतं. हसू नका, हा गुण सगळ्यांकडे नसतो. एकोणतीस वर्षं मी सरकारी इस्पितळात आया आहे. इतके खोकले ऐकलेत की पाठमोरी असले तरी सांगते, हा धुळीचा, हा विडीचा, हा नुसताच नवऱ्याला दाखवायचा, आणि हा मात्र डॉक्टरला बोलवायचा. सगळे काढून दाखवता येतात मला. जेवणाच्या सुट्टीत नर्सपोरी म्हणायच्या, "मावशी, तो सहा नंबरच्या आजोबांचा करा ना," की मी करायचे, आणि त्या डबे बाजूला ठेवून हसायच्या. त्या हसण्यानं मी चढले, दुसरं काय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या वर्षी तळ्याकाठी अकरा कावळे मरून पडले. कशानं मेले ते तपासणाऱ्यांना कळायच्या आधीच शहराला कळलं होतं: बर्ड फ्लू. मग काय विचारता! कोंबडीच्या दुकानांत माशीसुद्धा फिरकेना. शाळेनं बॅडमिंटनची फुलं जाळली, का तर त्यांना पिसं असतात. लोकांनी पिसांच्या उशा रस्त्यावर आणून टाकल्या, आणि त्या फाटून गल्लीभर पिसं उडाली तेव्हा तेच लोक खिडक्या लावून आतून ओरडत बसले. आमच्या समोरच्या शिंपीणबाईनं अस्तराच्या कापडाचे मास्क शिवून दारात टांगले आणि मला म्हणाली, "तू इस्पितळातली, तुला आतलं माहीत असणार. खरं सांग, किती मेले?"

मी म्हटलं, "अकरा. सगळे कावळे."

"राहू दे," ती म्हणाली, "नसेल सांगायचं तर नको सांगूस."

माणसांत एकही आजारी नव्हता बरं का. एकही नाही! पण इस्पितळात तयारीला जोर आला. दुसऱ्या मजल्यावरच्या मोडक्या खाटा हलवून तिथं बारा खाटांचा वेगळा वॉर्ड केला. आम्ही त्याला पक्षी वॉर्ड म्हणायचो. पांढरे सूट आले, डोक्यापासून पायापर्यंत अखंड, वर चष्मा, हाताला दोन-दोन जोड मोजे. घातला की सख्खी आईसुद्धा ओळखू येऊ नये. सूट कोणत्या क्रमानं काढायचा त्याचा तक्ता भिंतीवर लागला. आणि त्याच भिंतीवर शेजारी दुसरा कागद लागला: पुढील आदेशापर्यंत सर्वांच्या रजा बंद.

तो कागद मी दोनदा वाचला. माझ्या लेकीला नववा लागला होता.

एकुलती एक लेक माझी. तिचे वडील गेले तेव्हा ती सात वर्षांची होती, तेव्हापासून आम्ही दोघीच. मी तिला चिमणी म्हणते. पक्ष्याचं नाव, पण तेव्हा पक्ष्यांना कोण घाबरत होतं! लग्न होऊन ती पुलापलीकडे गेली, दोन बस बदलाव्या लागतात. जावई जहाजावर असतो, सहा-सहा महिने येत नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मी ड्यूटीवर होते. रजा मागितली, मिळाली नाही. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. बाळ गेलं होतं.

तिथले डॉक्टर म्हणाले, हिचं ब्लडप्रेशर फार चढलंय, दोन दिवस हिला सांगू नका. न सांगणं म्हणजे काय, तर खोटं बोलणं, आणि खोटं बोलायचं काम नेहमी आयेकडे येतं. माझा तर धंदाच तो. "काही नाही झालं हो, चार दिवसांत चालायला लागाल," हे मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते, ज्याला उद्याचा दिवस दिसणार नाही त्यालाही म्हणते. ती विचारायची, "आई, बाळ ठीक आहे ना?" मी हसून तिच्या केसांवरून हात फिरवायचे. "ठीक आहे गं चिमणे. काचेच्या पेटीत झोपलंय." दुसऱ्या दिवशी तिला दूध आलं. वाटीत काढून म्हणाली, बाळाला नेऊन दे. मी वाटी घेऊन बाहेर गेले, मोरीत ओतली, आणि रिकामी वाटी तिला आणून दाखवली. "सगळं प्यायलं," म्हटलं.

कळल्यावर ती माझ्याशी चार महिने बोलली नाही. बरोबरच केलं तिनं. मग परत दिवस राहिले तेव्हा तिचा फोन आला. "आई, या वेळी तू हवीस. माझा हात धरून बसायचं. पण खोटं बोलायचं नाही. एकदाही नाही." मी म्हटलं, "नाही बोलणार." पोरीनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं, आणि मलाही जन्मात दुसरं काही नको होतं.

साथीच्या तयारीसाठी आमच्याकडे एक नवे डॉक्टर आले होते. सगळे त्यांना साथवाले डॉक्टर म्हणायचे. पोरसवदा, सज्जन, आणि उत्साह असा दांडगा की साथ आली नाही तर या माणसाला वाईट वाटेल अशी मला काळजी. त्यांनी आम्हाला गोळा केलं. म्हणाले, "मॉक ड्रिल करायचंय. एक खोटा रुग्ण त्याच्या घरून उचलून आणायचा आणि सगळी यंत्रणा कशी चालते ते घड्याळ लावून बघायचं. वरून तिघं जण बघायला येणार आहेत. बाकी कुणाला कळता कामा नये. आधी कळलं की लोक नाटक करतात."

कुणी हात वर करेना. गल्लीतून उचलून नेणार म्हणजे चारचौघांत शोभा, कोण तयार होईल? मग डॉक्टर म्हणाले, "जो रुग्ण होईल त्याला आठ दिवस रजा. सही मी करीन."

माझा हात आपोआप वर गेला.

"मावशी, खोकता येईल ना?" त्यांनी विचारलं, आणि मागे सगळ्या पोरी फिसकन हसल्या.

गुपित पाळीन अशा कागदावर मी सही केली. चिमणीला सांगावं असं मनात आलं नाही असं नाही. पण म्हटलं, पुलाअलीकडची गोष्ट, दोन-तीन तासांत संपणार, तिच्यापर्यंत जातेय कशाला. नवव्या महिन्यात तिच्या डोक्याला उगाच ताप नको. न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मी माझीच समजूत घातली. दुसऱ्यांना फसवायची सवय असली की स्वतःला फसवायला वेळ लागत नाही.

मंगळवारी सकाळी दहाला मी शिंपीणबाईला हाक मारली आणि दारातच बसकण मारली. खोकले. आधी कोरडा, मग ओला, मग तो सहा नंबरच्या आजोबांचा, ज्यात शेवटी श्वास अडकून राहतो. शिंपीणबाईच्या हातातली कात्री पडली. इस्पितळाला फोन तिनंच केला, म्हणजे यंत्रणा सुरू झाली. चोवीस मिनिटांत गाडी आली. सहा पांढरे सूट उतरले. त्यांनी पायऱ्यांवर फवारा मारला, उंबऱ्यावर मारला, शिंपीणबाईच्या टांगलेल्या मास्कांवरसुद्धा मारला. खिडक्याखिडक्यांत माणसं. आणि मला चेव आला हो! आयुष्यभर दुसऱ्यांची स्ट्रेचरं ढकलली, आज सगळं शहर माझ्याकडे बघतंय. स्ट्रेचरवर निजवताना मी एक हात लोंबता सोडला, डोळे फिरवले आणि "पाणी, पाणी" म्हणाले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्यात ते नव्हतं, ती माझ्या पदरची भर होती.

वॉर्डात एक नवीन नर्स माझा फॉर्म भरायला आली. बावीस-तेवीसची, कालच रुजू झालेली. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं, आणि हे सगळं खोटं आहे हेही नव्हतं. चष्म्याआड तिचे डोळे भेदरलेले होते. संपर्क यादीचा फॉर्म होता: गेल्या चौदा दिवसांत कोणाकोणाच्या जवळ गेलात. त्यासाठी साथवाल्या डॉक्टरांनी मला तीन बनावट नावं आणि पत्ते पाठ करून दिले होते.

आता माझी चूक ऐका. इस्पितळात आयेला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घोकून घेतात. पेशंटला धीर द्यायला काय बोलायचं ते बोल, पण फॉर्मवर खोटं नको. वय चुकलं की औषध चुकतं, गट चुकला की रक्त चुकतं. एकोणतीस वर्षं मीच पेशंटांना दरडावत आले, "फॉर्मवर खरं सांगा, इथं लाजायचं नाही." त्या पोरीनं पेन टेकवून "नाव?" म्हटलं, आणि ती पाठ केलेली नावं कुठल्या कुठे गेली. मी चिमणीचं नाव सांगितलं. खरं नाव, इमारत, मजला, फोन. रविवारीच तिला भेटून आले तेही सांगितलं.

"नातं?"

"लेक," मी म्हटलं, आणि वर कौतुकानं सांगते काय, "नववा चालू आहे."

नववा महिना, असं तिनं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

दुपारी एकला साथवाले डॉक्टर टाळ्या वाजवत आत आले. तालीम संपली होती. वरून आलेले तिघं खूश होते. त्यांतल्या एकानं तर विचारलं, बाई नाटकात काम करतात का. माझ्या रजेच्या अर्जावर सही झाली, शिक्का बसला. मी खाटेवर उठून बसले, केस बांधले. डॉक्टर हातातला कागद वाचत होते. "संपर्क पथकानं तर कमाल केली. पुलापलीकडे चाळीस मिनिटांत! चाळीस मिनिटांत, मावशी!"

"पुलापलीकडे कुठे?" मी विचारलं.

त्यांनी पत्ता वाचला. तो चिमणीचा होता.

"तुम्ही खरा पत्ता दिलात?" डॉक्टर म्हणाले. "मी तुम्हाला नावं दिली होती ना?"

"फॉर्म होता हो, डॉक्टर."

चिमणीच्या सासूबाई घरीच केक-बिस्किटं करून विकतात. पथकानं तिथं जाऊन अंड्यांचे सगळे ट्रे उचलले, भट्टी बंद करायला लावली, दारावर लाल कागद चिकटवला आणि चिमणीला सांगितलं, "तुमच्या आईला तोच आजार असावा. तब्येत बरी नाही त्यांची." पथकाचा तरी काय दोष, त्यांनाही ते खरंच वाटत होतं. मी फोन लावत राहिले, कोणी उचलेना. मग डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहून दिलं: ही फक्त तालीम होती, रुग्ण निरोगी आहे. खाली गोल शिक्का. ते घेऊन मी दोन बस बदलून गेले.

विहीणबाईंनी दार उघडलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोलल्या. मी पत्र गजांतून आत सरकवलं, ते त्यांनी भट्टीच्या चिमट्यानं धरून वाचलं.

"हे असंच लिहिणार ते," त्या म्हणाल्या. "लोक घाबरू नयेत म्हणून. दुपारपासून बातम्यांत पण तेच, तालीम होती, तालीम होती. काही नसतं तर एवढं ओरडून सांगतं का कोणी?"

"अहो विहीणबाई, माझ्याकडे बघा की. धडधाकट उभी आहे तुमच्यासमोर."

"तुमच्या शिंपीणबाईंचा फोन आला होता. लग्नातले कपडे त्यांनीच शिवलेले ना, नंबर होता त्यांच्याकडे. म्हणाल्या, डोळे फिरवले होते तुम्ही. तसला खोकला खोटा काढताच येत नाही म्हणाल्या."

काढून दाखवू का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. जीभ चावली.

मग आतून चिमणी आली. पोट दोन्ही हातांनी धरलेलं, तोंड रडून सुजलेलं. खिडकीपासून लांब, ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, खरं सांग."

"तालीम होती गं चिमणे. नाटक. रजा मिळावी म्हणून केलं. तुझ्याजवळ बसता यावं म्हणून केलं."

"तुला काही झालेलं नाही?"

"काही नाही झालं."

ते शब्द तोंडातून गेले आणि माझे मलाच ऐकू आले. तोच सूर. पेटीत झोपलंय म्हणणारा, सगळं प्यायलं म्हणणारा. तिनं डोळे मिटून घेतले.

"तेव्हाही तू अशीच उभी होतीस," ती म्हणाली. "अशीच हसत."

"मी तुझ्या बाळाची शपथ घेऊन सांगते..."

"माझ्या बाळाची शपथ घेऊ नकोस!" ती अशी ओरडली की विहीणबाईसुद्धा दचकल्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी रागावले नाही तुझ्यावर. तू नीट औषध घे, बरी हो. पण माझ्याजवळ येऊ नकोस. हे बाळ मला हवंय, आई."

विहीणबाईंनी खिडकी लावून घेतली.

मी तशीच इस्पितळात परत आले. म्हटलं, माझ्या तोंडचं पटत नसेल तर कागदावरचं पटेल. डॉक्टरांना म्हटलं, माझा रिपोर्ट द्या. त्यांचा चेहरा पडला. माझ्या घशातला म्हणून जो नमुना तपासणीला गेला होता त्या नळीत मिठाचं पाणी होतं, आणि ते तपासणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गुपित ना! त्यांचं उत्तर आलं होतं: नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा. आता हा कागद नेऊन विहीणबाईंना दाखवू? मग खरा नमुना घेतला. तो दुसऱ्या शहरात जाणार, निकालाला सहा दिवस लागणार. तोवर चिमणीचं नाव यादीतून निघणार नाही, कारण यादीत घालायला नुसता फॉर्म पुरतो, काढायला रिपोर्ट लागतो.

"नियम मीच लिहिलेत," डॉक्टर म्हणाले. मान खाली होती त्यांची. "मला माफ करा, मावशी."

"तुमची माफी घेऊन मी करू काय?" मी म्हटलं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे, म्हटलं.

रजा तर मिळाली होतीच. मंगळवारपासून घरात बसून ती उपभोगली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चिमणी फोन उचलायची नाही. विहीणबाई उचलायच्या, "अजून नाही," एवढंच म्हणायच्या आणि ठेवायच्या. गल्लीत माझ्या दाराकडे कोणी फिरकत नव्हतं. फक्त शिंपीणबाई रोज सकाळी भाजीची पिशवी काठीनं माझ्या उंबऱ्याशी ढकलायची आणि लांबून ओरडायची, "आज कसं वाटतंय?" मायेनं विचारायची हो. तिला शिवीही देता येईना आणि तिचे आभारही मानता येईनात.

शनिवारी दुपारी बाराला त्या नवीन नर्सचा फोन आला. "मावशी, तुमची लेक आलीय. पक्षी वॉर्डात. कळा सुरू आहेत."

जिथं नाव नोंदवलं होतं त्या प्रसूतिगृहानं तिला दारातूनच परत पाठवलं होतं, यादीतली बाई आम्ही घेणार नाही म्हणून. दुसऱ्यानंही तेच केलं. कळा देणारी पोर गाडीत बसून अख्खं शहर फिरली आणि शेवटी जिथं तिला घेणं भागच होतं तिथं आली. फोनवर नर्स रडायला लागली. "मावशी, तो फॉर्म मी भरला होता."

"सांगितला मीच होता. आता रडू नकोस. वर आया कोण आहे?"

"कोणीच नाही. यायला कोणी तयारच नाही."

बघा, कशी असतात माणसं! एकीची कंबर धरली होती, एकीचा नवरा अचानक आजारी पडला होता, आणि एक तर सरळ म्हणाली की मला लहान मुलं आहेत. तालीम होती हे त्या सगळ्यांना पक्कं माहीत होतं. माझ्या खोकल्यावर याच हसल्या होत्या. पण भीती आली की माहीत असलेलंही खरं वाटेनासं होतं.

मी तशीच इस्पितळात धावले. मोठ्या सिस्टर जिन्यातच भेटल्या. आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो, मी आया, त्या नर्स.

"तू रजेवर आहेस," त्या म्हणाल्या. "आणि कागदावर संशयित आहेस."

"मी काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कपाटातून सूटचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "तोंड उघडायचं नाही. तिनं आल्याआल्या सांगितलंय, काही झालं तरी माझ्या आईला आत सोडू नका. तुझा आवाज ऐकला तर ब्लडप्रेशर आणखी चढेल. आधीच चढलंय."

मी मान हलवली. सूट घातला, मास्क, चष्मा, दोन जोड मोजे. आरशात बघितलं, तर खरंच सख्खी आई ओळखू येत नव्हती.

दोन तास मी तिचा हात धरून बसले. ते वचन तरी पाळलं. पाठ चोळली, घाम पुसला. कळ आली की ती माझी बोटं पिरगाळायची. मी एक अक्षर बोलले नाही. पोटची पोर ओरडतेय आणि "झालं गं राणी, अजून एकदाच" एवढंही म्हणायचं नाही, हे किती जड जातं ते मला विचारा. मधे एक कळ ओसरली तेव्हा ती माझ्याकडे, म्हणजे त्या पांढऱ्या सूटकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही बऱ्या आहात. गप्प बसता. माझी आई असती तर सारखं चाललं असतं, काही नाही होणार, काही नाही होणार." मग म्हणाली, "ती कशी आहे ते मला कोणी खरं सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. चष्मा आतून धुरकटला होता आणि पुसायला हात जात नव्हता.

अडीचला बाळ झालं. मुलगी. आधी रडेचना. डॉक्टरीणबाईंनी तोंड साफ केलं, तळव्यावर टिचकी मारली, तेव्हा मांजराच्या पिल्लासारखी एकदाच रडली आणि गप्प झाली. रंग गुलाबी, श्वास छान. एकोणतीस वर्षांत इतकी बघितलीत, मला एका नजरेत कळलं. डॉक्टरीणबाई चिमणीचं रक्त थांबवण्यात गुंतल्या होत्या, नवीन नर्स कपडे आणायला धावली होती. बाळ माझ्या हातांत होतं. माझी नात, दोन-दोन मोज्यांच्या पलीकडे, उबदार.

"रडून थांबलं का?" चिमणी कोपरावर उठायला बघत होती. "ताई, ते हलत का नाही?"

मी जवळ जाऊन बाळ तिला दिसेल असं धरलं. झोपलं होतं ते. पापणीही हलत नव्हती.

"कोणीतरी बोला ना! बाळ ठीक आहे ना?"

"हलू नका, थांबा जरा," डॉक्टरीणबाई वर न बघताच म्हणाल्या. चिमणीचा चेहरा पांढरा पडला. दोन वर्षांपूर्वीचं सगळं तिच्या डोळ्यांत परत आलेलं मला दिसलं. ती आता नुसती पुटपुटत होती, "ठीक आहे ना, ताई, ठीक आहे ना." कोणती आई गप्प बसली असती? तुम्ही बसला असता?

"ठीक आहे गं चिमणे," मी म्हटलं. "बाळ ठीक आहे."

हे वाक्य मी जन्मभर बोलत आले, पण इतकं खरं कधी बोलले नव्हते.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग किंचाळायला लागली. "घ्या तिच्याकडून! माझं बाळ घ्या तिच्याकडून! आई, खाली ठेव तिला, तुझ्या पाया पडते, खाली ठेव!" डॉक्टरीणबाईंनी बाळ माझ्या हातांतून ओढून घेतलं. मोठ्या सिस्टर धावत आल्या आणि मला म्हणाल्या, "बाहेर हो." मी बाहेर झाले. दार लागता लागता आतून चिमणीचा आवाज येत होता, "ती म्हणाली ठीक आहे. म्हणजे नाहीये का? मला खरं सांगा, नाहीये का?"

बाहेरच्या खोलीत मी तक्त्यावरच्या क्रमानं सूट काढला. वरचे मोजे, चष्मा, सूट, आतले मोजे, शेवटी मास्क. हात कोपरापर्यंत धुतले. तेवढ्यात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, या वेळी खणखणीत, थांबायचं नाव न घेणारं. आता तरी पटलं असेल तिला.

त्या वॉर्डात जो आत जाऊन येतो त्याचंही नाव संपर्क यादीत जातं. नवीन नर्स टेबलाशी फॉर्म घेऊन बसली होती. तिचे डोळे लाल होते.

"नाव?" मी सांगितलं.

"काम?"

"आया."

"रुग्णाशी नातं?" तिला ठाऊक होतं. पण रकाना होता, विचारणं भाग होतं. पेन कागदावर टेकवून ती थांबली.

मी दाराकडे बघितलं.

"लिही," म्हटलं, "कोणी नाही."

तिनं लिहिलं, आणि मी खाली सही केली.